पणजोबांचे पदक

म्हातारपणी माणसाने कोणताही छंद लावून घ्यावा. फक्त आपल्या पणजोबांची चौकशी करू नये. टपालाची तिकिटे जमवणाऱ्या म्हाताऱ्याकडे लोक कौतुकाने पाहतात. कुंडीत मिरच्या लावणाऱ्याकडे हेव्याने पाहतात. पण पणजोबांची चौकशी करणाऱ्याकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर मी पूर्वी एकदाच पाहिली होती. एक गृहस्थ वाचनालयातला शब्दकोश कोटाच्या आत घालून दाराकडे निघाले होते, तेव्हा आमच्या शिपायाच्या डोळ्यांत.

मी वाचनालयात होतो. पुस्तकांवर क्रमांक घालायचे आणि गेलेले पुस्तक परत आले की नाही ते पाहायचे, हे माझे काम. या कामात बोलावे लागत नाही, आणि बोललेच तर कुजबुजावे लागते, म्हणून ते मला मानवले. मी घरीही कुजबुजतो, निवृत्त झालो तरी. आमच्या मंडळींचे म्हणणे असे, की संसाराची निम्मी वर्षे तिने फक्त "काय?" एवढे विचारण्यात घालवली.

अशा माणसावर भाषण करायची पाळी यावी, हा दैवाचा खोडसाळपणा आहे. आमच्या भागातल्या ज्येष्ठ मंडळात दर शनिवारी एक सभासद ‘आमचे घराणे’ या विषयावर बोलतो. आतापर्यंत मंडळात चार सेनापती, दोन राजवैद्य आणि एक खजिनदार होऊन गेले. सगळ्यांच्या पूर्वजांत मिळून एकही साधा शिपाई नाही. मग हे सेनापती लढाईला कोणाला घेऊन जात, हा प्रश्न मला नेहमी पडतो. पण तो मी कधी विचारला नाही. माझी पाळी आली की मला ताप येत असे. या वेळी मात्र आमच्या तळमजल्यावरच्या वकिलांनी घात केला. वकील म्हणजे खरे तर कोर्टातले निवृत्त कारकून. पण आयुष्यभर वकिलांच्या सावलीत बसल्यामुळे तो रंग त्यांना लागला आहे. ते अध्यक्षांना म्हणाले, "यांच्या पणजोबांना परदेशात पदक मिळालं होतं!" दुसऱ्याच दिवशी फळ्यावर लिहिले गेले: ‘परदेशी सन्मानित झालेले माझे पणजोबा’. फळ्यावर एकदा खडूने लिहिले की आमचे अध्यक्ष ते पुसू देत नाहीत.

आता या पदकाविषयी सांगायला हवे, कारण आमच्या घराण्यात त्यापलीकडे काही नाही.

पणजोबा तरुणपणी बोटीने परदेशी गेले, साहेबाच्या उसाच्या मळ्यांवर काही अधिकाराची जागा सांभाळली, आणि साहेबाने खूश होऊन दिलेले पदक गळ्यात घालून परत आले, अशी आमच्याकडची परंपरा. पदकावर ‘६१४’ असा आकडा आहे. माझे वडील सांगत, की पणजोबा सहाशे चौदा माणसांवर मुकादम होते. काका सांगत, की साहेबाने त्यांना सहाशे चौदा एकर जमीन लिहून दिली होती आणि ती कोणीतरी गिळली. कोणी गिळली हे सांगताना काका माझ्या वडिलांकडे पाहत.

या दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा भांडी, कपाटे, समोरासमोरच्या दोन जागा, सगळे नीट वाटले गेले. अडले ते पदकापाशी. शेवटी पणजोबांची रंगवलेली तसबीर आमच्याकडे आली आणि पदक काकांकडे गेले. तसबिरीत पणजोबांच्या कोटावर ते पदक रंगवलेले आहे. त्यामुळे वडील म्हणत, "पदक आमच्याच भिंतीवर आहे, तिकडे आहे तो नुसता पत्रा." हे काकांनी ऐकले, आणि दोन्ही घरांतले बोलणे बंद झाले. वडील गेले, काका गेले. अबोला मात्र वारसाहक्काने माझ्याकडे आणि चुलतभावाकडे आला. माझ्याहून काही महिन्यांनी मोठा म्हणून मी त्याला दादा म्हणतो. म्हणजे म्हणत असे. चाळीस वर्षे हाक मारलीच नाही.

बोलणे बंद म्हणजे पुरुषांचे बंद. आमची मंडळी आणि वहिनी रोज गच्चीवर कपडे वाळत घालताना दोन्ही घरांतली इत्थंभूत माहिती एकमेकींना देतात. माझ्या गुडघ्याविषयी डॉक्टर काय म्हणाले ते दादाला माझ्याआधी कळते.

तर भाषणासाठी माहिती हवी, म्हणून मी प्रथम पुस्तके वाचली. मला कोणी वेळ विचारली तरी मी आधी घड्याळांवरचे पुस्तक वाचीन, असा माझा स्वभाव आहे. वाचता वाचता मला शंका यायला लागली. त्या काळी बोटीवर चढणाऱ्यांत आमच्यासारख्यांच्या घरचा माणूस वरच्या मजल्यावर क्वचितच दिसे. खाली, तळाशी, करारावर अंगठा उठवलेली माणसे भरलेली असत. पाच वर्षे ऊस तोडायचा असा करार. मी तसबिरीकडे पाहिले. कोट चित्रकाराने घातला असावा असे मला प्रथमच वाटले. हात मात्र त्याने खिशात दडवले होते. कोणाचेही हात खिशात असले की मला वाचनालयाच्या सवयीने संशय येतोच.

मी सरकारी दप्तरखान्यात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी माझा अर्ज वाचला.

"कशाला हवी आहे माहिती?"

"कुतूहल," मी कुजबुजलो.

"काय?"

"कुतूहल!"

"तसा रकाना नाही. जमीन, वारसा, की परदेशी जायचंय?"

"काहीच नाही. पणजोबा कोण होते एवढंच कळायला हवं."

गृहस्थांनी चष्मा काढला. "आजोबा, या खिडकीवर माझी बावीस वर्षं गेली. काही मिळायचं नसताना पूर्वज शोधत आलेला माणूस अजून जन्माला यायचाय. खरं काय ते सांगा, म्हणजे खरी खिडकी दाखवतो."

खरे काय ते सांगितलेच होते. आता खोटे काय सांगावे ते सुचेना. मी नमस्कार करून बाहेर पडलो. जिन्यापर्यंत त्यांची नजर माझ्या पाठीवर होती. चालताना मीही गुन्हेगारासारखाच चाललो. कोणी संशय घेतला की मला आपोआप तसे चालता येते.

वकिलांना सांगितले तर ते म्हणाले, "तुम्ही चूक केलीत. सरळ विचारलंत. मूळ पदक बघा. पण तेही सरळ मागू नका हं! मागितलंत की हक्क सोडल्यासारखं होतं."

"मग बघू कसं?"

"ते मी कसं सांगू? मी दोन्ही पक्षांचा शेजारी आहे."

हे वाक्य मी तेव्हाच नीट ऐकायला हवे होते. कारण तिथून ते थेट दादाकडे गेले आणि त्याला म्हणाले, "सांभाळा. दप्तरखान्यात अर्ज पडलाय."

मी मात्र भोळेपणाने सरळच जायचे ठरवले. समोरचे दार म्हणजे चार पावले. ती चालायला मला आठवडा लागला. बेल वाजवली. दार साखळीपुरते उघडले आणि फटीत दादाचा एक डोळा आला. चाळीस वर्षांनी दादाशी बोलायचे, तेही एका डोळ्याशी.

"कोण पाहिजे?" डोळा म्हणाला.

"दादा, मी आहे."

"ते दिसतंय. कोण पाहिजे?"

"पदक जरा बघायचं होतं. नुसतं बघायचं."

"नुसतं?" दादा हसला. "तुझे वडीलही आमच्या कपाटाकडे नुसतंच बघायचे."

"मला भाषण करायचंय रे."

"तू? भाषण?" डोळा बारीक झाला. मला वाटते, सगळी गोष्ट इथेच फिसकटली. मी चोरी करणार आहे असे सांगितले असते तर एक वेळ त्याला पटले असते. मी भाषण करणार हे कसे पटावे? "खरं सांग, गिऱ्हाईक कोण आहे?"

आतून वहिनींचा आवाज आला, "अहो, साखळी काढा, भावजी उभे आहेत!"

"तू मध्ये पडू नकोस. उभा आहे तोवर ठीक आहे, बसला की हक्क सांगेल." आणि दार बंद झाले.

त्यानंतर संशयाने सगळी इमारत भरून गेली. गच्चीवरून बातमी आली, की दादाने कपाटाला नवे कुलूप लावले. मग आली, की कुलपावरही भरवसा नाही म्हणून पदक बनियनच्या आतल्या खिशात ठेवून तो खिसा पिनेने बंद केला. वकिलांकडून कळले, की मी ते परदेशी संग्राहकाला विकणार आहे. माझा स्वतःच्या मताविषयी कधीच आग्रह नसल्यामुळे दोन दिवस मलाही वाटत होते, की कदाचित विकणार असेन. आमची मंडळी मात्र वेगळ्याच संशयात होती.

"एक विचारू? त्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही गेला होता कुठे?"

"दप्तरखान्यात."

"दाढी करून?"

शेवटचा उपाय म्हणून मी बंदरावरच्या संग्रहालयात जायचे ठरवले. जुन्या जकातीच्या कोठीत हे संग्रहालय आहे. तिथे त्या काळच्या बोटींच्या वस्तू ठेवल्या आहेत असे मी वाचले होते. बसमध्ये बसल्यापासून मला वाटत होते, की कोणीतरी पाळतीवर आहे. मागच्या बाकावर एक माणूस वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला होता. मी दोन थांबे आधी उतरलो, वर्तमानपत्रही उतरले. मी फुटपाथ बदलला, वर्तमानपत्रानेही बदलला. एका दिव्याच्या खांबावर ते आपटलेही आणि "आई गं" म्हणाले. आवाज ओळखीचा वाटला. पण मागे वळून पाहण्याचे धैर्य माझ्यात असते, तर मी वाचनालयात नोकरी कशाला केली असती?

कोठीत गारवा होता आणि डांबराचा वास. नांगर, दोर, कंदील असे पाहत मी एका कोपऱ्यातल्या काचपेटीपाशी आलो, आणि पुढे जायचे राहूनच गेले.

पेटीत आमचे पदक होते. एक नव्हे, ओळीने मांडलेली शेकडो होती. गोल, वर भोक पाडलेली, दोरा ओवायला. माझ्या मनात पहिला विचार आला तो मी लपवत नाही: एका बोटीवर एवढी सन्मानित माणसे! मग मी खालची पाटी वाचली. ‘ऊसमळ्यांवर करारावर नेलेल्या मजुरांच्या गळ्यातले बिल्ले. सुटकेच्या वेळी परत घेतलेले.’

मी पाटी दुसऱ्यांदा वाचली. पाठ्यपुस्तकासारखी सरळ होती. संशय होता तोवर बरा होता हो. संशयाला दोन बाजू असतात. पाटीला एकच.

आणि मग सवयीने माझी नजर आकड्यांवरून फिरली. कपाटातले एक पुस्तक गेले असेल तर मला दारातून कळते. ६११, ६१२, ६१३ आणि मग कापडावर एक रिकामी खाच. पुढे ६१५.

मी काचेला नाक लावले. माझ्या शेजारी दुसरे एक नाक लागले. त्या नाकावर खांबाचा व्रण होता.

"हे काय आहे?" दादाने विचारले. वर्तमानपत्र त्याच्या हातून गळून पडले होते.

"वाच."

त्याने वाचले. बराच वेळ वाचले. मग शर्टाची बटणे काढली, पिन सोडली आणि आत हात घालून पदक बाहेर काढले. त्या रिकाम्या खाचेवर काचेवरूनच त्याने ते धरले. ते तिथे नेमके बसले असते.

"सहाशे चौदा माणसांवर नव्हते रे ते," दादा म्हणाला. "सहाशे चौदावे होते."

एवढ्यात मागून पहारेकऱ्याचे हात आमच्या दोघांच्या मानगुटींवर पडले. त्याची बाजू मी समजू शकतो. दोन म्हातारे, एकाचे नाक काचेला, दुसरा अर्धनग्न, पेटीत एक खाच रिकामी आणि नेमकी तीच वस्तू एकाच्या हातात. त्याच्या जागी मी असतो तर मलाही वाटले असते. वाटले असते एवढेच. मी धरले नसते.

अधिकारी बाईंच्या खोलीत आम्हांला उभे केले. बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून बिल्ला उलटसुलट पाहिला.

"याला सोनेरी मुलामा कुणी दिला?"

"याच्या वडिलांनी," दादा म्हणाला.

"आणि ही कोटाला लावायची पिन?"

"याच्या वडिलांनी," मी म्हणालो.

"बरं. बिल्ला आहे कुणाचा?"

चाळीस वर्षे ज्या प्रश्नाची आम्ही वाट पाहत होतो तो एका सरकारी अधिकाऱ्याने अखेर विचारला. दादाने माझ्याकडे बोट दाखवले. "याचा. यालाच त्याचा फार सोस."

"छे, छे," मी घाईने म्हणालो. "वाटणीत त्याच्याकडे गेलाय. सगळी इमारत साक्षीला आहे. आमच्याकडे फक्त तसबीर."

"तसबिरीतही पदक आहे!"

"रंगवलेलं आहे!"

"शांत व्हा," बाई म्हणाल्या. "म्हणजे दोघांचाही नाही. मग उत्तम झालं. पेटीत जागा आहेच." त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि बिल्ला आत टाकायला हात नेला.

"आमचा आहे!"

हे आम्ही दोघे एकदम ओरडलो. मी ओरडलो यावर दादाचा विश्वास बसला नाही. त्याने वळून माझ्या तोंडाकडे पाहिले.

"आमचा म्हणजे?" बाईंनी बिल्ला टेबलावर ठेवून विचारले.

"आमच्या पणजोबांचा," दादा म्हणाला.

"ते कोण होते?"

दादाने मान खाली घातली. लहानपणी शाळेत, लग्नाच्या बैठकीत, कचेरीत, जिथे तिथे त्याने मुकादम पणजोबा सांगितले होते. मीही गप्प बसून तेच सांगितले होते. आता मीच बोललो.

"मजूर."

"जरा मोठ्याने बोला."

"मजूर होते," दादा माझ्या मदतीला आला. "करारावर गेले होते. ऊस तोडायला. आता पुढे बोला."

बाई पुढे बोलल्याच. "मग त्यांनी बिल्ला परत का केला नाही?"

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वारलेल्या माणसावर असा जाहीर संशय मी प्रथमच पाहत होतो.

"करार पुरा केला की बिल्ला जमा करायचा असे," बाई म्हणाल्या. "मेलेल्यांच्याही गळ्यातला काढून घेत. जमा झाला नाही म्हणजे एकच अर्थ. माणूस मधेच पळाला."

"किंवा द्यायला विसरला असेल," पहारेकरी म्हणाला. त्याला आता आमची दया आली होती.

"आमच्या घराण्यात कुणी काही विसरत नाही," दादा ठणकावून म्हणाला. चाळीस वर्षांच्या अबोल्याचा इतका चांगला उपयोग कोणी केला नसेल. मग तो हळूच मला म्हणाला, "पळाले? एवढा समुद्र मध्ये असताना?"

"कसे ते मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "हा इथे यायला हवा होता आणि तुमच्या खिशात निघाला, एवढंच मी सांगू शकते. तर, परत करताय ना आता?"

मी आयुष्यभर लोकांकडून वस्तू परत घेतल्या. लग्न लागताना नवऱ्या मुलाकडून प्रवासवर्णन परत घेतले आहे. न परत करणाऱ्या माणसाला माझ्या लेखी क्षमा नव्हती. त्या बाईंचा हात पुढे झालेला पाहून माझाही हात सवयीने तो बिल्ला द्यायला निघाला. तो टेबलावरून उचलला, आणि कसे कोण जाणे, माझी मूठ मिटली.

"नाही," मी म्हणालो.

कुजबुजलो नाही. बाईंनी "काय?" असे विचारले नाही, यावरून सांगतो.

त्यांनी आम्हां दोघांकडे पाहिले आणि चष्मा खाली सोडला. "ती खाच मी या नोकरीवर आले तेव्हापासून रिकामी आहे. राहू दे तशीच."

शनिवारी मंडळात माझे भाषण झाले. पहिल्या रांगेत दादा बसला होता आणि प्रत्येक वाक्याला "बरोबर" म्हणत होता, त्यामुळे भाषण दोघांनी केल्यासारखे झाले. आमचे पणजोबा मजूर होते असे मी सांगितले, तेव्हा सेनापतींच्या रांगेत चुळबुळ झाली. अध्यक्षांनी फळ्याकडे बोट करून विचारले, "मग हे पदक त्यांना दिलं कशाबद्दल?"

"दिलं नाही," मी म्हणालो. "त्यांनी ते ठेवून घेतलं."

"बरोबर!" दादा म्हणाला.

सभा संपल्यावर पहिल्या सेनापतींचे पणतू मला जिन्यात गाठून म्हणाले, "त्या संग्रहालयाचा पत्ता द्या जरा. एका मित्राला हवाय." त्यानंतर दुसऱ्या सेनापतींच्या मित्रालाही हवा होता.

आता घरी नवी वाटणी झाली आहे. तसबीर दादाकडे गेली आणि बिल्ला माझ्याकडे आला. मुलामा आणि पिन दोन्ही काढून टाकली. दोरा ओवून तो भिंतीवर खिळ्याला टांगला आहे. पण दादाचा माझ्यावर अजून काडीचाही विश्वास नाही. रोज सकाळी बेल वाजते. तो आत येतो, चष्मा लावून आकडा वाचतो, तोच बिल्ला आहे ना याची खात्री करतो, आणि चहा घेऊन जातो. संध्याकाळी मी समोर जाऊन तसबीर जागेवर आहे ना ते पाहतो. वहिनी म्हणतात, "भावजी, आता तरी एकमेकांवर विश्वास ठेवा."

इतक्या वर्षांनी लाभलेला संशय आहे. तो इतक्यात फिटावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.